दवाखान्यातल्या वहीतली बंदूक

 ज्या नातवंडांना हे पान आजी-आजोबा मोठ्याने वाचून दाखवतात त्यांनी आज जरा जवळ सरकून बसावं, गोष्ट त्यांना आवडण्यासारखी आहे.

मागल्या काही अंकांतून आपण गुडघे, साखर आणि रक्तदाब यांवर बोललो. आज एका बंदुकीवर लिहिणार आहोत. "सिस्टरबाई, तुम्हांला बंदुकीचं काय हो?" असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. ही बंदूक कारखान्यात नव्हे, दवाखान्याच्या खाटेवर जन्मली. आणि खाटेवर जे जे घडतं ते आमच्या खात्यातलं, असं आम्ही चाळीस वर्षं मानत आलो.

कलाश्निकोव्ह हे नाव ऐकलं नाही असं घर इथे सापडायचं नाही. बातम्यांत येतं, सैन्यातून सुटीवर आलेल्या नातवाच्या तोंडी येतं. त्या रायफलीबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात. रशियाच्या लढाईत जखमी झालेला एक सार्जंट दवाखान्यात पडून होता आणि तिथेच त्याने ती सुप्रसिद्ध रायफल कागदावर काढली, अशी. गोष्ट छान आहे, पण तशी घडलेली नाही. दवाखान्यात त्याने काढली ती दुसरीच बंदूक. ती त्याने स्वतः उभं राहून घडवून घेतली, साहेबलोकांना दाखवली, तिची परीक्षा झाली, आणि ती नापास झाली. थोरलीचं लग्न मोडलं आणि धाकटीचं थाटात झालं की लोक थोरलीचं नाव काढीत नाहीत, तसं या बंदुकीचं झालं आहे.

आम्हाला ही हकीकत कळली ती १९९० नंतर रशियाहून आलेल्या एका सहकारी सिस्टरकडून. रात्रपाळीला वॉर्ड निजला की ती कलाश्निकोव्हच्या आठवणींचं रशियन पुस्तक काढी आणि मोडक्या हिब्रूत आम्हाला सांगत बसे. तिचं हिब्रू मोडकं, आमचं तिच्यापेक्षा थोडंच बरं. पण जखम म्हणजे काय ते दोघींना कळत होतं, त्यामुळे कुठे अडलं नाही. पुढे आम्ही आमच्या परीने आणखीही वाचलं.

तर मिखाईल तिमोफेयेविच कलाश्निकोव्ह. जन्म १० नोव्हेंबर १९१९चा, सैबेरियाच्या दक्षिणेकडे अल्ताई नावाचा मुलूख आहे तिथल्या कुर्या खेड्यात. आईला एकोणीस मुलं झाली, त्यांतली आठ जगली, हा सतरावा. १९३० साली सरकारने या घराला 'श्रीमंत शेतकरी' ठरवलं, घरदार काढून घेतलं आणि सगळ्यांना दूर तोम्स्ककडच्या जंगलात पाठवून दिलं. वडील पहिल्याच हिवाळ्यात गेले. मुलगा जरा मोठा झाल्यावर तिथून निसटला आणि पुढे कझाकस्तानात मताई नावाच्या स्टेशनात, रेल्वेच्या डेपोत नोकरीला लागला. हे मताई लक्षात ठेवा मुलांनो, ते परत येणार आहे.

१९३८ला तो सैन्यात गेला. रणगाड्यावर ड्रायव्हर-मेकॅनिक. शिक्षण बेताचं, पण हात स्वस्थ बसत नसत. तोफेतून किती गोळे सुटले ते मोजणारं यंत्र, इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर, असं काही ना काही त्याचं चाले. त्याबद्दल त्या भागाचे सेनापती झुकोव्ह यांनी त्याला घड्याळ बक्षीस दिलं. तेच झुकोव्ह, ज्यांच्या फौजा १९४५ साली बर्लिनमध्ये शिरल्या.

जून १९४१मध्ये हिटलरने रशियावर चढाई केली. ऑक्टोबरात ब्रियान्स्क शहराजवळच्या लढाईत याच्या रणगाड्यावर गोळा बसला. खांद्यात मोठी जखम आणि डोक्याला जबर हादरा. बावीस पुरी व्हायला अजून महिना होता. म्हणून आम्ही त्याला 'तो' म्हणतो. पुढे जनरल झाला असेल, आमच्या वॉर्डात असता तर पोरगाच.

त्यानंतर काय झालं ते त्याने आठवणींत सांगितलं आहे. जखमींना घेऊन एक ट्रक मागे निघाला होता. वाटेत एक खेडं लागलं. तिथे शत्रू आहे की काय हे पाहायला याला आणि आणखी दोघांना पायी पुढे पाठवलं. थोड्या वेळाने मागच्या बाजूने गोळ्यांचा तडतडाट ऐकू आला. परत येऊन पाहतात तो ट्रकमधली जखमी माणसं जर्मनांनी सबमशीनगनने मारून टाकलेली.

इथे आमची रशियन मैत्रीण पुस्तक मिटून ठेवी आणि उठून वॉर्डात एक फेरी मारून येई. ज्याला उठता येत नाही त्याला खाटेवर मारायचं, यापुढे नर्सला बोलायला काही उरत नाही.

तिघंजण आडरानातून चालत कित्येक दिवसांनी आपल्या फौजेला मिळाले. मग दवाखाना, शेवटी येलेत्स गावचा. तिथे खांदा ठणकायचा, रात्री झोप यायची नाही. दिवसा वॉर्डात एकच विषय: जर्मनांच्या हातात भराभर चालणारी हत्यारं आणि आपल्याकडे दोघा-तिघांत एक रायफल, असं का? खरं पाहता जर्मन शिपायांतही बहुतेकांकडे साधी रायफलच असे. पण ज्याने तो ट्रक पाहिला त्याला आकडे सांगून काय उपयोग? पोराच्या मनाने घेतलं की आपण आपल्या लोकांसाठी एक सबमशीनगन करायची.

दवाखान्याला वाचनालय होतं. तिथे त्याला फ्योदोरोव्ह नावाच्या जुन्या रशियन शस्त्रतज्ज्ञाचं पुस्तक मिळालं. शेजारच्या खाटेवर छत्रीधारी दलाचा एक लेफ्टनंट होता. लढाईपूर्वी तो एका संशोधन संस्थेत काम करीत असे. तो पडल्या पडल्या समजावून सांगे, अमक्या बंदुकीत हे चांगलं, तमक्या बंदुकीत ते वाईट. आणि हा वहीत चित्रं काढी. काढायची, खोडायची, पुन्हा काढायची.

आता आमच्या धंद्यातलं थोडं सांगतो. जखमी तरुण माणूस पहिला आठवडा दुखण्यात घालवतो, दुसरा आठवडा आईची आठवण काढण्यात. तिसऱ्या आठवड्यात तो नर्सचं डोकं खायला लागतो. जेवण वाईट, उशी वाईट, खिडकी उघडा, खिडकी लावा. हे चांगलं लक्षण असतं. त्याच वेळी त्याच्या हाताला काहीतरी लावून द्यावं लागतं, नाहीतर हा तोंड भिंतीकडे करून पडतो आणि मग औषधही लागू पडत नाही. १९७३च्या ऑक्टोबरात, योम किप्पूरच्या लढाईत, आम्ही नुकतंच शिक्षण संपवून वॉर्डात लागलेलो. रणगाड्यातून आणलेला एक मुलगा, एका हाताला सगळं बँडेज, त्याने दुसऱ्या हाताने वॉर्डातला रेडिओ खोलून ठेवला. मोठ्या सिस्टर रागावल्या. डॉक्टर म्हणाले, रेडिओ दुसरा आणू, याला खोलू द्या. येलेत्सला त्या पोराच्या हातात वही आणि पेन्सिल राहू दिली ती कुणी, त्या सिस्टरचं नाव पुस्तकात नाही. आम्हाला तिचा विचार फार वेळा येतो. त्याचं कारण पुढे सांगू.

खांदा लवकर भरेना. तेव्हा डॉक्टरांनी १९४२ साली त्याला काही महिन्यांची रजा देऊन घरी पाठवलं. हा घरी न जाता गेला थेट मताईला! रेल्वेच्या जुन्या डेपोत. तिथल्या मुख्याला म्हणाला, मला एक बंदूक करायची आहे, लेथ द्या आणि माणूस द्या. आणि त्यांनी दिला. आपल्यापैकी ज्यांचे वडील-चुलते रेल्वेच्या वर्कशॉपात होते त्यांना याचं नवल वाटायचं नाही. वर्कशॉपातली माणसं अशीच. दिवसाचं काम संपलं की "आण रे बघू काय म्हणतोस ते" म्हणून बाह्या सरसावणारी. लढाईचे दिवस, पोलाद मिळायची मारामार, आणि इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसांनी कानशीने घासून, लेथवर कातून तीनएक महिन्यांत पहिला नमुना उभा केला.

तो घेऊन हा अल्माअता शहरातल्या लष्करी कचेरीत गेला. काय झालं असेल? हातात विनापरवाना बंदूक घेऊन आलेला, रजेवरचा सार्जंट! साहेबांनी ऐकून न घेता त्याला कोठडीत टाकला. काही दिवसांनी ओळखीपाळखी काढून सुटका झाली, आणि मग मात्र योग्य माणसांशी गाठ पडली. मॉस्कोची विमानविद्येची मोठी संस्था लढाईमुळे अल्माअताला हलवलेली होती. तिच्या वर्कशॉपात दुसरा, सुधारलेला नमुना तयार झाला.

आता ही बंदूक चालायची कशी ते सांगतो. सोपं आहे, स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू आणल्या की कळेल.

सबमशीनगन म्हणजे पिस्तुलाचीच छोटी गोळी, पण एकामागून एक भराभर सोडणारी बंदूक. आपली जुनी माणसं हिला सरसकट 'स्टेनगन' म्हणतात. गोळी पुढे सुटते तेव्हा रिकामं काडतूस तितक्याच जोराने मागे रेटलं जातं. त्याच्या मागे एक लोखंडी ठोकळा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. तो एकदम मागे सरकला तर काडतूस फाटेल, गरम वायू तोंडावर येईल. म्हणून त्याला क्षणभर थोपवून धरायला हवं. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे ठोकळा जड करायचा. प्रेशर कुकरची शिट्टी आठवा. तिला कुलूप नसतं. ती नुसत्या वजनाने वाफ दाबून बसते, जोर पुरेसा झाला की उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते. बहुतेक सबमशीनगना अशाच चालतात, फक्त खाली बसवायचं काम स्प्रिंग करते.

पण जड ठोकळा मागेपुढे आदळू लागला की बंदूक हातात नाचते, आणि वजन वाहायचं शिपायाने. आमच्या या पोराने दुसरी वस्तू घेतली: लोणच्याच्या बरणीचं आट्यांचं झाकण. ते सरळ ओढून निघत नाही, फिरवावं लागतं, आणि फिरण्यात वेळ जातो. त्याने बोल्टच्या मागे आटे पाडलेले, एकात एक जाणारे भाग बसवले. बोल्ट मागे यायला लागला की आट्यांमुळे त्यांतला एक भाग फिरे, आणि त्या फिरण्या-घासण्यात हवा तेवढा क्षणाचा उशीर होई. जड ठोकळ्याची गरजच नाही. बंदूक हलकी, आखूड, दस्ता घडी होणारा, पुढे धरायला वेगळी मूठ. ज्याने शस्त्रविद्येचा एकही वर्ग केला नाही त्याच्या डोक्यातून हे निघालं. वाचकहो, आम्हाला आजही याचं कौतुक वाटतं.

बंदूक गेली समरकंदला. सैन्याची तोफखान्याची अकादमी तेव्हा तिथे हलवली होती आणि तिथे बसत जनरल अनातोली ब्लागोनराव्होव्ह. हा माणूस म्हणजे त्या विद्येतला पंडित; पुढे अंतराळाच्या कामातही मोठा झाला आणि १९६२ साली अमेरिकेबरोबर त्याबद्दलची बोलणी करायला सोव्हिएत बाजूने हाच होता. जुलै १९४२मध्ये त्यांनी लेखी अभिप्राय दिला. बंदूक फार गुंतागुंतीची आहे, घेण्यासारखी नाही. पण शिक्षण नसताना या सार्जंटने जी कल्पकता आणि जी मेहनत दाखवली आहे ती असामान्य आहे. याला शिक्षण द्यावं, बक्षीसही द्यावं.

मग बंदूक मॉस्कोजवळच्या चाचणीच्या मैदानावर गेली, आणि फेब्रुवारी १९४३मध्ये तोफखाना खात्याचा शेवटचा निकाल आला: नापास. सैन्यात आधीच चालत असलेल्या श्पागिनच्या बंदुकीपेक्षा आणि सुदायेव्हच्या नव्या बंदुकीपेक्षा ही करायला अवघड आणि महाग. हिचे भाग मशीनवर हळूहळू कातावे लागतात, आणि तशी मशीनं आणि तसा वेळ आज देशापाशी नाही. चांगलं काय तेही त्यांनी मांडलं होतं. वजन कमी, लांबी कमी, आणि एकेक गोळी की भराभर हे ठरवणारी कळ नि सेफ्टीची कळ एकत्र केली आहे ती युक्ती छान. (पुढे त्याच्या नावाने जगभर गेलेल्या रायफलीच्या उजव्या अंगाला जी लांब पट्टी असते ना, तीही ही दोन्ही कामं एकटीच करते.)

नकार द्यावा तर असा! आम्ही इथे आलो तेव्हा एका कचेरीने आमच्या बरोबरच्या एका मुलीचं मुंबईचं नर्सिंगचं सर्टिफिकीट एका ओळीत परत केलं होतं. 'पात्र नाही.' का नाही, काय कमी आहे, काय केलं तर पात्र होईल, चकार शब्द नाही. तिने नर्सिंगच सोडलं, आणि तिच्या हातचं इंजेक्शन दुखत नसे हो. इथे मात्र लढाई ऐन जोरात, हजारो माणसं रोज मरत असताना एका सार्जंटला चार ओळी जास्त लिहायला साहेबांना वेळ मिळाला.

आणि निकाल बरोबर होता की नाही? आमच्या मते शंभर टक्के बरोबर. कारण ज्याने याला हरवलं त्याचं काम पाहा. अलेक्सेय सुदायेव्ह, जन्म १९१२चा. त्याची बंदूक बहुतेक पत्र्याची. पत्रा प्रेसखाली दाबून आकार द्यायचा आणि वेल्डिंग करायचं, झालं. श्पागिनच्या एका बंदुकीला १३.९ किलो धातू आणि ७.३ तास मशीनचं काम लागे. सुदायेव्हच्या बंदुकीला ६.२ किलो आणि २.७ तास. जर्मनांनी वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये, जिथे लोक उपासमारीने रस्त्यात पडत होते, तिथल्या कारखान्यांतून ही बंदूक निघत होती. असं शहर बरणीचे आटे पाडत बसेल का? तिथे कुकरची शिट्टीच हवी. हुशार बंदूक हरली, सोपी जिंकली.

हा सुदायेव्ह पुढे नव्या प्रकारच्या ऑटोमॅटिक रायफलीवर काम करू लागला होता आणि त्यात सर्वांच्या पुढे होता. पण आजारपणाने गाठलं. १७ ऑगस्ट १९४६ला तो वारला, चौतिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत. ती शर्यत त्याच्यावाचून पुरी झाली. कलाश्निकोव्हचं म्हणाल तर सबमशीनगननंतर त्याने हलकी मशीनगन केली, तीही नापास; मग १९४४मध्ये एक कार्बाइन, तीही सिमोनोव्हच्या कार्बाइनपुढे मागे पडली. तीनदा पडून चौथ्या वेळी, १९४९ साली, त्याची रायफल सैन्याने घेतली. त्यातही तो एकटा नव्हता, कोव्रोव्हच्या कारखान्यातली पुष्कळ माणसं बरोबर होती. सुदायेव्ह जगला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न आमच्या मनात राहतो. जगाच्या तोंडी कदाचित दुसरंच नाव असतं.

आपल्या इथेही थोडंबहुत असंच घडलेलं आहे. उझी सर्वांना माहीत आहे. ती करणारे उझिएल गाल १९२३ साली जर्मनीत वायमार गावी जन्मले, लहानपणी किबुत्स यागूरला आले, आणि १९४३ साली इंग्रजांनी हत्यार बाळगल्याबद्दल त्यांना तुरुंगात घातलं. देश झाल्यावर सैन्यासाठी सबमशीनगन निवडायची होती तेव्हा त्यांच्या समोर हायिम कारा नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची बंदूक होती. उझी जास्त साधी, करायला स्वस्त, म्हणून १९५१मध्ये ती निवडली गेली आणि १९५४ पासून शिपायांच्या हाती आली. काराचं नाव आज विचारा कुणाला! आपल्यातल्या ज्या आजोबांनी मिल्युइममध्ये वर्षानुवर्षं उझी खांद्यावर वागवली, त्यांनाही ठाऊक नसेल. आमच्या यजमानांना नव्हतं.

आता येलेत्सच्या त्या सिस्टरबद्दल, जे मागे राहिलं ते.

१९७३मध्ये आमच्या वॉर्डात आलेल्या मुलांत भाजलेली आणि तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झालेली जास्त. पण गोळीच्या जखमाही होत्या, आणि समोरच्या इजिप्त-सीरियाच्या पायदळाच्या हातात कलाश्निकोव्ह रायफली होत्या. म्हणजे हिशेब मांडला तर असं होतं: येलेत्सला एका सिस्टरने एका पोराचा खांदा धुतला, बांधला, त्याला पेन्सिल धरता येईल असा केला. त्या हाताने आधी एक बंदूक काढली, जिने कोणालाच मारलं नाही, कारण ती कारखान्यापर्यंत गेलीच नाही. मग त्याच हाताने दुसरी काढली, आणि तिच्या गोळ्या बत्तीस वर्षांनी आमच्या वॉर्डातल्या ट्रेमध्ये टणकन पडल्या. आमची रशियन मैत्रीण म्हणाली, "तू असतीस तर वही काढून घेतली असतीस का?" रात्रीचे तीन वाजले असतील. आम्ही खूप वेळ काही बोललो नाही. मग सांगितलं, नसती घेतली. तो तिसऱ्या आठवड्यातला पेशंट होता. ती म्हणाली, मीसुद्धा नसती घेतली. आणि पाच नंबरच्या खाटेची बेल वाजली म्हणून आम्ही उठलो.

त्याला स्वतःलाही हे टोचत असे. पुष्कळ वर्षं तो म्हणत राहिला की मी देशाच्या रक्षणासाठी केलं, गैरवापराला राजकारणी जबाबदार. २००२ साली जर्मनीत असताना मात्र म्हणाला की, लोकांना उपयोगी पडेल असं काही, शेतकऱ्याच्या कामाचं, गवत कापायचं यंत्र वगैरे शोधलं असतं तर बरं झालं असतं. शेतकऱ्याचाच मुलगा तो. आणि नव्वदी उलटल्यावर त्याने रशियन चर्चच्या मुख्य धर्मगुरूंना पत्र लिहिलं. माझ्या रायफलीने माणसं मेली तर दोष माझा का, हा प्रश्न सुटत नाही आणि मनाचं दुखणं सोसवत नाही, असा त्याचा भाव. ते पत्र लोकांसमोर आलं जानेवारी २०१४मध्ये. त्याआधीच, २३ डिसेंबर २०१३ला, तो इझेव्स्क शहरात वारला होता. वय चौऱ्याण्णव. धर्मगुरूंच्या बाजूने सांगण्यात आलं की देशाच्या रक्षणासाठी शस्त्र केलं तर चर्च अशा माणसाच्या पाठीशी असतं. त्याने त्याचं समाधान झालं असेल का? आमची मैत्रीण म्हणते झालं असेल. आम्हाला वाटत नाही.

दवाखान्यातल्या वहीतली ती बंदूक सेंट पीटर्सबर्गच्या तोफखाना संग्रहालयात ठेवलेली आहे. आपल्यापैकी कोणाच्या मुला-सुनांचं तिकडे जाणं झालं तर त्यांनी जरूर पाहावी. नावाजलेल्या रायफलीसमोर थांबावंच असं नाही, तिची चित्रं पुष्कळ पाहिली असतील. ही आखूड, दोन मुठींची, मताईच्या डेपोत जिची सुरुवात झाली ती शोधावी, आणि बोल्टमागचे आटे बाहेरून दिसतात का ते आम्हाला लिहून कळवावं.

मुलांसाठी गृहपाठ: घरातल्या किती वस्तू आट्यांवर उघडतात आणि किती नुसत्या वजनावर झाकलेल्या राहतात, हे मोजून आजीला सांगावं. कुकरला हात लावायचा नाही, तो आजीच मोजेल.

पुढील अंकी उन्हाळा आणि पाणी पिणे.